तिसरा महिना भरेपर्यंत

आमच्या खोलीत बोलता येत नाही. मनाई आहे असं नाही, पण तोंडावर घट्ट मास्क असतो, डोळ्यांवर चष्मा असतो आणि समोर औषध भरायच्या काचेच्या कॅबिनेटची घरघर चालू असते. त्यात बोललेलं समोरच्यापर्यंत पोचतच नाही. माहेरी मला सगळे रेडिओ म्हणायचे. आई वैतागून म्हणायची, जरा श्वास घ्यायला तरी थांब गं बाई. त्या रेडिओचा आवाज या खोलीने बंद केला.

मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. कॅन्सरच्या पेशंटना सलाईनमधून जी औषधं देतात, ती तयार करायचं काम माझ्याकडे आहे. पेशंट सकाळी येतात, दिवसभर सलाईन घेतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. कुणी अक्कलकोटकडचे, कुणी पार कर्नाटकातल्या इंडीकडचे, कुणी इथलेच यंत्रमागावर आयुष्य काढलेले. वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं एकदम चालू असतं. मळमळतंय हे मात्र कुठल्याही भाषेत सांगितलं तरी लगेच कळतं आणि आम्ही टब घेऊन धावतो.

ही औषधं वाढणाऱ्या पेशी मारतात. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या मरतात, आणि केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत वाढणाऱ्याही त्यांच्याबरोबर जातात. पेशंट कोण आणि सिस्टर कोण हे औषधाला कळत नाही. बाटलीत सुई घालताना उडालेला थेंब, हवेत उठलेली वाफ, ग्लोव्हजला पडलेलं न दिसणारं भोक, यातून ते थोडं थोडं आपल्याही अंगात जाऊ शकतं. म्हणून ते उघड्यावर भरायचं नाही. काचेच्या कॅबिनेटमध्ये हात घालून भरायचं, म्हणजे तिथली हवा आपल्या तोंडावर न येता वर ओढली जाते. हातात ग्लोव्हजच्या दोन जोड्या, अंगात पाठीमागून बांधायचा गाऊन. बांगड्या, अंगठी, घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. आत खायचं-प्यायचं नाही. वापरलेलं सगळं वेगळ्या पिवळ्या पिशवीत टाकायचं.

शिवाय दारावर एक सूचना आहे. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा मूल हवं असेल, तर इनचार्जना लगेच कळवा. कळवणाऱ्या बाईला त्याच दिवशी दुसरीकडे काम मिळतं, पगार तोच राहतो. कारण विचारायची गरज कुठल्याही बाईला पडत नाही. पोटातलं बाळ म्हणजे नुसतं वाढणंच असतं.

मी कामाला लागले तेव्हा अशी खोली नव्हती आणि अशी सूचनाही नव्हती. ते हॉस्पिटल वेगळं होतं, आता ते बंदही झालंय. तिथे वॉर्डाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर स्टीलचा ट्रे. औषध उडू नये म्हणून पंखा बंद करायचो, एवढीच काय ती काळजी. सोलापूरचा मे महिना आणि पंखा बंद, घाम टपकायचा ट्रेमध्ये. एक औषध गुलाबाच्या सरबतासारखं लाल असतं. ते बोटांवर सांडलं की आम्ही पुसायचो आणि एकमेकींना चिडवायचो, आज मेंदी कुणाची रंगली म्हणून.

त्या वर्षांत मला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीही वेळा राहिले नाहीत. दुसऱ्या वेळी तर मी झबल्यासाठी मऊ कापड बघून ठेवलं होतं. त्यानंतर काही झालंच नाही. पुढे किती तरी वर्षांनी, सगळे नियम आल्यावर, मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं की त्या ट्रेमुळे झालं असेल का. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "असेल किंवा नसेलही. तुम्हालाच काय, कुणालाच सांगता येणार नाही." मला तेव्हा त्यांचा फार राग आला. खोटं का होईना, एक काहीतरी सांगायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर औषधाला शिव्या घातल्या असत्या, नाही म्हटलं असतं तर नशिबाला. आता दोघांनाही अर्ध्या अर्ध्याच घालाव्या लागतात.

नवरा गेला त्यालाही बराच काळ झाला. घरी मी एकटी असते. कुलूप उघडून आत गेलं की आधी टीव्ही लावते, काय चाललंय ते बघत नाही, नुसता आवाज हवा असतो. शेजारीण चांगली आहे, पण तिच्या सुनेचं केळवण-डोहाळे-बारसं असलं की तिचं दार आपोआप पुढे लोटलेलं असतं. मला त्याचं आता काही वाटत नाही असं मी सांगत असते. ते खरं नाही. वाटतं.

त्या मिक्सिंगच्या खोलीत माझ्या जोडीला ती आली तेव्हा मी आधी नाक मुरडलं होतं. पोरगी पंचविशीतली, अक्कलकोटकडची. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही सारख्याच वेगाने. नवरा नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला, सासर मूळचं मैंदर्गीचं, शेती तिकडे आणि सासूबाई इकडे यांच्याजवळ. पहिल्याच दिवशी तिने मला सिस्टर न म्हणता अक्का म्हटलं. मी म्हटलं, "इथे सगळ्या सिस्टरच असतात." ती म्हणाली, "सिस्टर म्हंजे अक्काच की वो."

बांगड्या काढायच्या म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. सासूबाईंनी बजावलं होतं, हात मोकळे ठेवायचे नाहीत. मग तिनेच तोड काढली. दंडाला वर, कुणाला दिसणार नाही आणि ग्लोव्हजच्या मधे येणार नाही अशा जागी, हळदीचा दोरा बांधला आणि बांगड्या डब्यात ठेवल्या. नियम नियमाच्या जागी आणि सासू सासूच्या जागी. मला ते आवडलं.

आमचं काम जोडीचं. एकीने आत कॅबिनेटसमोर बसून औषध भरायचं, दुसरीने बाहेर काचेच्या छोट्या खिडकीपाशी उभं राहून नाव, औषध, मात्रा ताडून बघायची, पिशवी घ्यायची आणि पेशंटला लावायची. एक आठवडा ती आत, एक आठवडा मी. गाऊनची नाडी पाठीमागे असते, ती आपली आपल्याला नीट बांधता येत नाही. म्हणून सकाळी एकमेकींच्या पाठीमागे उभं राहून आम्ही नाड्या बांधायचो. ती बांधायची तेव्हा पाठीवर हलकी थाप मारायची, झालं म्हणून. दिवसभरात मला कुणाचा हात लागायचा तो तेवढाच. लागायला लागला तेव्हा कळलं की मधली बरीच वर्षं लागलेला नव्हता.

खिडकीतून आम्ही खुणांनी बोलायचो. पोटावर हात म्हणजे भूक लागली. भुवई वर म्हणजे डॉक्टर चिडलेत. दुपारी डबे उघडले की माझी भाजी तिच्या ताटलीत आणि तिची कडक भाकरी माझ्या. तिला माझं आंबट वरण फार आवडायचं. "अक्का, ह्याच्यावर लई दिवस काढीन मी," म्हणायची आणि डब्याचं झाकणसुद्धा पुसून खायची.

सकाळी वॉर्डात जी आधी येईल तिने काउंटरवरच्या देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची, असा तिथला रिवाज. ती नेहमीच आधी यायची, त्यामुळे उदबत्ती तिचीच असायची. फक्त महिन्यातले ते चार दिवस ती फोटोपासून लांब उभी राहायची आणि मी दारातून आत आले की म्हणायची, "आज तुमी लावा की अक्का." मी लावायची. मला ते सोवळं-ओवळं पटत नाही, पण वादही घालत नव्हते. माझं स्वतःचं ते सगळं संपलेलं, देवाला माझी हरकत असण्याचं कारणच उरलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी, औषधाची बाटली हातात असताना, माझ्या डोक्यात आलं की बऱ्याच दिवसांत तिने मला उदबत्ती लावायला सांगितलेलं नाही.

मी मनात मागे जाऊन बघितलं. गेल्या महिन्यात नाही. त्याच्या आधी, श्रावणात, एकदा. त्यानंतर नाहीच. मग बाकीचंही दिसायला लागलं. ती डबा आता वॉर्डातल्या आयाबरोबर खात होती. माझी भाजी पुढे केली की "आज उपास हाय" म्हणायची, आणि उपास सोमवारीही असायचा आणि बुधवारीही. स्पिरिटच्या वासाने तोंड फिरवायची. तो आठवडा तिचा आतला होता. खिडकीच्या पलीकडे, काचेमागे, ती लाल औषध सुईत ओढत होती आणि मी बाहेर उभी राहून तिची मात्रा ताडत होते.

तिला नियम माहीत होता. परीक्षेत घोकलेला होता. पण मला हेही माहीत होतं की तिसरा महिना भरेपर्यंत आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. इनचार्जना सांगायचं म्हणजे दुसरीकडे बदली, आणि बदली म्हणजे दुपारच्या चहापर्यंत लिफ्टवाल्यालासुद्धा कळणार. शिवाय तिचं आधी एकदा असंच गेलं होतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. तेव्हा हौसेने सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले आणि मग काही राहिलं नाही. या वेळी सासूबाई तिच्या तोंडाला कुलूप लावणार हे उघड होतं.

मग तू का नाही विचारलंस, असं कुणी मला म्हणेल. बाईने बाईला विचारायला काय झालं. पण मी कोण आहे ते बघा. नवरा नसलेली, मूल नसलेली. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं असतं आणि पुढे तिला काही झालं असतं, तर ते औषधाने झालं असं कुणी म्हटलं नसतं. माझ्या तोंडाने झालं असंच म्हटलं असतं, आणि कदाचित मीही तसंच मानलं असतं. मी इतकी शिकलेली, इतकी वर्षं नोकरी केलेली बाई, आणि मला माझ्याच जिभेची भीती वाटत होती.

म्हणून मी न बोलता करायचं ठरवलं. दुसऱ्या सकाळी तिच्या आधी गाऊन चढवला आणि म्हटलं, या आठवड्यात मी आत बसते. ती म्हणाली, "हा माझा आठवडा हाय की." मी म्हटलं, असू दे. पुढचा आठवडा माझाच होता, त्याच्या पुढच्यातही मीच बसले. भरलेली पिशवी पेशंटला लावायला सुद्धा मीच बाहेर यायची. ग्लोव्हज बदल, गाऊन बदल, परत आत. पेशंटची लघवीची भांडीही तिला उचलू देईना, कारण औषध त्यातूनही बाहेर पडतं. तिच्याकडे फक्त रक्तदाब आणि शीर शोधणं उरलं. माझी कंबर मोडायची वेळ आली, आणि डॉक्टर विचारायला लागले की आज सगळ्या सलाईन इतक्या उशिरा का.

तिला काय वाटलं असेल याचा मी विचारच केला नव्हता. तिला तिच्या हातांचा फार अभिमान होता. बाटलीतून शेवटचा थेंब न सांडता घेणं, सुई काढताना बाटलीत दाब राहू न देणं, हे ती माझ्याकडूनच शिकली होती आणि माझ्याहून सफाईने करत होती. तिने तिच्यापुरता अर्थ लावला. आधी रुसली. मग नाडी बांधताना पाठीवरची थाप बंद झाली. मग एका दुपारी सरळ विचारलं, "माझं काय चुकलंय का अक्का?" मी म्हटलं, काही नाही. "मग मला आत का जाऊ देत न्हाय तुमी?" मी म्हटलं, सवय असावी लागते. इतकं मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही. ती दीड वर्ष ते काम करत होती.

ती इनचार्जकडे गेली. माझी तक्रार केली.

इनचार्ज माझ्याहून लहान आहेत, बाई सरळ आहेत. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही उद्या रिटायर झालात तर मी काय करू? तिला हात बसला पाहिजे. असं अडवून कसं चालेल?" त्यांनी विचारलं, तिच्या कामात काही कमी आहे का. मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, "सोमवारपासून महिनाभर तीच आत बसेल. तुम्ही खिडकीवर." मी मान हलवली आणि बाहेर आले. व्हरांड्यात ती उभी होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. लढाई जिंकल्यावर माणसाने जसं उभं राहावं तशी ती उभी होती, आणि मला तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

तो शनिवार-रविवार मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. टीव्ही लावला, बंद केला. भात लागला. इनचार्जना फोन करायचा म्हणून दोनदा हातात घेतला आणि ठेवला. तिच्या पोटातली गोष्ट तिच्या आधी मी तिसऱ्याला सांगायची, हे काही मनाला येईना. आणि न सांगावं तर महिनाभर. मला राहून राहून तो स्टीलचा ट्रे दिसत होता. त्या वेळी माझ्या शेजारी कुणी असतं, ज्याला काही माहीत असतं, तर त्याने काय करायला हवं होतं? त्याने माझ्या शिव्या खाऊन मला उचलून बाजूला करायला हवं होतं. हे माझ्या डोक्यात स्पष्ट झालं तेव्हा मला रडू आलं. ते तिच्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं.

सोमवारी मी तिच्या आधी पोचले. उदबत्ती मीच लावली. कपडे बदलायच्या छोट्या खोलीत ती आली, बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, गाऊन चढवला आणि न बोलता माझ्याकडे पाठ केली, नाडी बांधायला. मी बांधली नाही.

"नाडी बांधा की," ती म्हणाली.

"तू आत जायचं नाहीस."

"इनचार्ज मॅडमनी सांगितलंय. तुमाला पण सांगितलंय."

"त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे."

ती वळली. गाऊन पुढे ओघळला होता. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. श्रावणापासून तू मला उदबत्ती लावायला सांगितलं नाहीस."

ती तिथल्या स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही, भांडायला लागली. "आत हवा वर ओढती की. दोन दोन ग्लोव्हज हायत. काय होतंय? तीन आठवड्यांचा तर प्रश्न हाय, मग मीच सांगणार हुते." मी म्हटलं, बाळाचं सगळं याच आठवड्यांत घडतं, तुला परीक्षेत आलं होतं. ती म्हणाली, "मागच्या टायमाला सांगितलं हुतं सगळ्यास्नी. काय झालं? तवा मी ह्या खोलीत बी नव्हते." खरंच नव्हती. मग कशाने गेलं, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी तिला ट्रेचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं असं नाही, पण असं सलग नव्हतं सांगितलं. पंखा बंद, लाल बोटं, दोन वेळा. झबल्याच्या कापडापर्यंत सगळं. शेवटी म्हटलं, "माझं त्याच्यामुळे गेलं की नाही ते मला मरेपर्यंत कळणार नाही. तू निदान असं काही मागे ठेवू नकोस. काही झालंच तर कारण म्हणून हे तरी नसू दे."

ती जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "अत्तींनी सांगितलं हुतं, कुणालाबी कळू द्यू नको." अत्ती म्हणजे सासू. मग म्हणाली, "तुमचं तर नाव घिऊन सांगितलं हुतं. त्यांच्या हातचं खाऊ नको म्हनल्या." आणि मग तिला रडू आलं. "मी खोटं बोलले अक्का. उपास न्हवता."

मला वाटत होतं की डबा वेगळा झाला तो मळमळीमुळे. आता हिशेब लागला, तो माझ्या हातामुळे वेगळा झाला होता. मी म्हटलं, "बरं केलंस. माझ्या हाताला दिवसभर काय काय लागतं." हे मी विनोदाने म्हटलं. तिला हसू आलं नाही, मलाही नाही. मी तिचा गाऊन काढून घेतला, घडी करून ठेवला आणि तिला इनचार्जच्या केबिनपर्यंत सोडायला गेले. आत ती एकटीच गेली.

त्याच दिवशी तिला खाली लसीकरणाच्या विभागात दिलं. चहापर्यंत लिफ्टवाल्याला कळलं होतं, मी म्हटलं तसंच. इनचार्ज संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मला तेव्हा सांगायचं ना." मी म्हटलं, माझं सांगण्यासारखं नव्हतं ते. त्या निघून गेल्या.

तिच्या जागी लगेच कुणी मिळालं नाही. खिडकीपाशी फार्मसीतला मुलगा यायला लागला, हुशार आहे, मात्रा नीट बघतो, पण पिशवी घेतली की गेला. त्याच्याशी कसल्या खुणा करणार. गाऊनची नाडी मी आयाकडून बांधून घेते. ती घाईत असते, गाठ घट्ट मारते आणि जाते. आत बसलं की चार-चार तास काचेच्या मागे. बाहेर पेशंटचे नातेवाईक येतात जातात, ओठ हलतात, कुणी हसतं, कुणी डोळे पुसतं, आणि माझ्यापर्यंत फक्त घरघर येते. आधीही हे असंच होतं. मधे दीड वर्ष नव्हतं, म्हणून आता जास्त जाणवतं.

तिची बातमी मला खालून कळायची. तिसरा महिना भरला. पाचव्यातली सोनोग्राफी झाली, सगळं नीट आहे, हात पाय बोटं सगळं मोजून झालं असं तिनेच फोनवर सांगितलं. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन उगीचच त्यांना चहा पाजला. त्यांना कारण कळलं नाही. मला इतका आनंद झाला होता की तो घरी नेऊन काय करायचं हे समजत नव्हतं.

जिन्यात कधी भेटायची. पोट दिसायला लागलं होतं, चालणं बदललं होतं. लांबूनच हसायची, "अक्का, जेवला का?" विचारायची. जवळ मीच जायची नाही. गाऊन काढलेला असला, हात धुतलेले असले तरी नाही. माझी भीती नक्की कशाची होती, औषधाची की सासूबाईंच्या बोलण्याची, ते मी स्वतःला विचारलं नाही.

सातव्या महिन्यात ती वर आली. हातात हिरव्या रंगाची पत्रिका होती, डोहाळजेवणाची. वॉर्डात सगळ्यांना वाटत वाटत ती शेवटी माझ्याकडे आली. इनचार्ज, आया, फार्मसीतला मुलगा, लिफ्टवाला, सगळ्यांना बोलावणं होतं. मी नुकतीच बाहेर आले होते, चेहऱ्यावर मास्कचे वळ होते. तिने पत्रिका दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार करायला गेली. मी तिला धरून उभं केलं. म्हटलं, वाकू नको अशा दिवसांत.

"अक्का," ती खाली बघत म्हणाली. "अत्तींनी गावाकडनं सगळ्यास्नी बोलावलंय. सगळी भाऊबंदं असणार." मी म्हटलं, चांगलं आहे की. ती पत्रिकेच्या कोपऱ्याशी चाळा करत होती, माझ्या हातात असलेल्या पत्रिकेच्या. मग वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुमची ड्युटी असंल न्हवं?"

मी पत्रिका उघडून तारीख बघितली. रविवार होता. रविवारी आमचा विभाग बंद असतो. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली इनचार्जच्या कपाटात असते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"हो गं," मी म्हटलं, "ड्युटी आहे."